पेंडिंग यादीतली बाई

रात्री साडेनऊच्या सुमारास भांडी आवरून जरा कुठं टेकलं की आमच्या केंद्राच्या ग्रुपवर यादी येऊन पडते. एक्सेलचा स्क्रीनशॉट. ज्यांचा शिक्षक प्रशिक्षणाचा ऑनलाइन कोर्स झाला ते हिरवे, अर्ध्यात आहेत ते पिवळे, आणि आम्ही लाल. खाली ठरलेलं वाक्य, "उर्वरित शिक्षक बंधू-भगिनींनी आज रात्री १२ पर्यंत कोर्स पूर्ण करून प्रमाणपत्राचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा." त्याखाली पंधरा-वीस अंगठे. अंगठा दाखवणारे सगळे हिरवे असतात हे माझं निरीक्षण आहे, लाल माणूस त्या रात्री ग्रुपवर बोलत नाही.

आणि कोर्स उघडला की पहिल्याच स्लाइडवर काय असतं, तर हा कोर्स तुम्ही तुमच्या सोयीने आणि तुमच्या गतीने पूर्ण करू शकता. मला दरवेळी हसू येतं. गती माझी, तारीख त्यांची.

मी झेडपीची प्राथमिक शिक्षिका. साताऱ्याकडचा ऊसपट्टा, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी शाळा. नोकरीचं चोविसावं वर्ष चालू आहे म्हणजे निवडश्रेणीचं ट्रेनिंगपण आता दारात येऊन उभं आहे (१२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवड वेतनश्रेणी, आणि दोन्हीसाठी प्रशिक्षण झालेलं असावं लागतं, बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगितलं). डीएड झाल्यावर नोकरी करत करत बीए केलं ते नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून. अभ्यासकेंद्रातून पुस्तकांचा गठ्ठा आणायचा, रविवारी संपर्कसत्र, बाकी सगळं घरी. मुलगा पाळण्यात, पायाला दोरी बांधून झोका द्यायचा आणि हातानं स्वाध्याय लिहायचा. आपल्या गतीनं शिकणं म्हणजे काय ते मला त्या पाळण्यानं शिकवलं, तो झोपला की माझी गती वाढायची, तो उठला की संपली. त्यामुळं ही काही मोबाईलनं आणलेली नवलाई आहे असं मला वाटत नाही. त्याच्याही कितीतरी मागं, १८६१ साली शिक्षण खात्यानं शाळामास्तरांसाठी 'शालापत्रक' सुरू केलं होतं, आधी कृष्णशास्त्री चिपळूणकर बघायचे, पुढं विष्णुशास्त्री. कुठल्यातरी खेड्यातला पंतोजी दिवा लावून तो अंक वाचत बसला असेल, अर्धा आज, अर्धा उद्या. त्याला कुणी यादीत लाल केला नसणार एवढं नक्की.

मी नोकरीला लागले तेव्हा प्रशिक्षण म्हणजे तालुक्याचं गाव. हायस्कूलचा हॉल, खाली सतरंजी, वर कर्र कर्र करणारा पंखा, भिंतीला चार्टपेपर. सकाळी प्रार्थना, मग कालच्या दिवसाचं अहवालवाचन, त्यात "काल दुपारच्या सत्रात रुचकर भोजनाचा आस्वाद घेऊन" हे वाक्य असायचंच. मग गटकार्य, मग सादरीकरण. सुलभक म्हणून जे यायचे ते आमच्यातलेच कुणीतरी, दोन दिवस आधी जिल्ह्याला जाऊन ऐकून आलेले. पुण्यात जे पाच दिवसांचं असायचं ते जिल्ह्यात तीन दिवसांचं व्हायचं आणि आमच्या केंद्रात येईपर्यंत दुपारच्या जेवणाआधी संपायचं. नाही समजलं तरी मान हलवायची, कारण ऐंशी माणसांत उठून "सर, हे कळलं नाही" म्हणायची हिंमत कुणाची. मी तरी आयुष्यात एकदाही म्हटलेलं नाही. मुलांना मात्र रोज सांगते, नाही समजलं तर विचारा रे.

पण त्या हॉलमध्ये एक गोष्ट व्हायची ती नंतर कुठंच झाली नाही. चहाला बाहेर उभं राहिलं की शेजारच्या शाळेतली बाई म्हणायची, अगं तू हातच्याची वजाबाकी कशी घेतेस, माझी पोरं दशक सोडवायलाच तयार नाहीत. मग दुसरी सांगायची, काड्यांचा गठ्ठा बांध, रबर त्यांनाच काढायला लाव, गठ्ठा सुटल्याचा आवाज ऐकला की त्यांना कळतं. गठ्ठा सुटल्याचा आवाज! हे कुठल्या मॉड्यूलमध्ये नव्हतं. तो चहा आणि ती भजी वजा केली तर त्या पाच दिवसांत फार काही उरत नाही, पण वजा का करायची?

आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं सांगते (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट). दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांचे शिक्षक यांनी ज्ञानरचनावाद (मूल स्वतः करून शिकतं हा विचार) नुसता बोलायचा सोडून वर्गात आणला, फरशीवर आखणी केली, काड्या, चिंचोके, शब्दपट्ट्या, पोरं खाली बसून आपापलं करतायत आणि बाई मधे कुठंतरी. ही बातमी अशी पसरली की राज्यभरातून शिक्षक स्वतःच्या पैशानं गाड्या ठरवून बघायला यायला लागले. २०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा जीआर निघाला, त्या सगळ्या वातावरणात कुमठ्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. मीपण गेले, आम्ही सहा जणी, एक गाडी, रस्त्यात मिसळ. वर्गाच्या दारात उभं राहून मी एका पहिलीतल्या पोराकडं जवळजवळ अर्धा तास बघत होते, तो शब्दपट्ट्या लावत होता, चुकला, स्वतःच उचलल्या, परत लावल्या, आणि त्याच्या बाई त्याला काहीच बोलल्या नाहीत. माझी जीभ शिवशिवत होती त्याला सांगायला. येताना गाडीत आम्ही सगळ्या गप्प. परत आल्यावर खूप शाळांनी काय केलं तर फरशी रंगवून घेतली, हेपण सांगितलं पाहिजे. रंग दोन पावसाळ्यांत गेला. मला तिथून गप्प बसायला शिकायचं होतं, ते अजून पूर्ण जमलेलं नाही.

मग ऑनलाइन आलं. म्हणजे आधी 'निष्ठा' आलं, २१ ऑगस्ट २०१९ ला, देशातल्या ४२ लाख शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना प्रशिक्षण द्यायचं, तेही समोरासमोर बसवून. सहा महिन्यांत कोरोना. शाळाच बंद तर हॉल कुठले. ऑक्टोबर २०२० पासून तेच 'दीक्षा' या सरकारी ॲपवर आलं, १८ मॉड्यूल. दीक्षा २०१७ पासून होतीच, बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड स्कॅन करायला आम्ही ती वापरायचो, पण स्वतः विद्यार्थी म्हणून त्यात शिरायचं हे नवीन. पुढं माध्यमिकवाल्यांसाठी २.०, आणि आमच्यासाठी ३.०, पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान, बारा कोर्स, निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाच्या पाठोपाठ. शेवटच्या चाचणीत ७० टक्के पडले की प्रमाणपत्र, तीन वेळा प्रयत्न करता येतो. शिवाय २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. ५० तास म्हणजे तसं काहीच नाही, आठवड्याला एक तास, कागदावर.

आता कबुलीजबाब. पहिल्या फेरीतले निम्म्याहून जास्त मॉड्यूल माझ्या मुलानं केले. तोच पाळण्यातला. लॉकडाऊनमध्ये घरी होता, इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष, त्याच्या एका खिडकीत त्याचं लेक्चर चालू आणि दुसऱ्या खिडकीत माझं, दोन्ही म्यूटवर. व्हिडिओ दुप्पट स्पीडनं पळवायचा, मजकुराचं पान आलं की सर्रकन खाली. चाचणीची उत्तरसूची पीडीएफमध्ये ग्रुपवर आलेलीच असायची, कोण बनवतं देवाला माहीत, पण मॉड्यूल सुरू व्हायच्या दुसऱ्या दिवशी हजर. 'समावेशक शिक्षण' या विषयात त्यानं मला शंभर टक्के मिळवून दिले. म्हटलं, बाबा, तूच जा आता शाळेत. तो म्हणाला, "आई, तू वर्गात असं कुणाला करू देशील का?" मी म्हटलं, गप बस आणि पुढचं लाव.

लाज वाटते लिहिताना, पण तेव्हाचा दिवसपण आठवतो. सकाळी कोरोनाचा सर्व्हे, ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी, दुपारी पोषण आहाराचा तांदूळ वाटप, संध्याकाळी ज्या पालकांकडं फोन आहे त्यांना अभ्यास पाठवायचा. आणि आत्ताचा काय वेगळा आहे, यूडायस प्लसवर शाळेची माहिती भरा, आधार जुळत नाही म्हणून तीच तीच नावं परत, शिष्यवृत्तीचे फॉर्म, मतदारयादी, मधेच नवसाक्षरांचा सर्व्हे. ह्या सगळ्यातून जो वेळ उरतो तो माझा, आणि त्यातच माझी गती बसवायची. माझा नवरा म्हणतो, तुमच्या नोकरीत शिकवणं हा छंद आहे. चेष्टेत म्हणतो, पण.

आमच्या शाळेतले दुसरे शिक्षक म्हणजे सर, पुढच्या वर्षी रिटायर. त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी दोनशे पानी वही घातली. व्हिडिओ लावायचे, एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, लिहायचे. परत लावायचे. दुपारच्या सुट्टीत पोरं जेवत असताना ओट्यावर बसून त्यांचं हे चालायचं, चौथीतली दोन पोरं ओटीपी टाकायला मदतनीस. एक मॉड्यूल तीन-चार तासांचं म्हणतात, सरांना आठवडा लागायचा. ३.० च्या बारातले तीन झाले आणि मुदत संपली. यादीत लाल. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, त्यांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, सर तुमचं काय अडलंय, रेंज नाही का? सर म्हणाले, "रेंज आहे, मी लिहून घेतोय." हॉलमध्ये हशा. सरपण हसले. येताना गाडीवर मला म्हणाले, "मॅडम, आपण अप्रगत."

हा शब्द मला फार दिवस टोचत राहिला. कारण हा आमचाच शब्द. प्रगत, अप्रगत. चाचणी घ्यायची, तक्ता भरायचा, एवढी प्रगत, एवढी अप्रगत, आणि अप्रगतांचे जादा तास. दुसरीच्या मुलाला जोडाक्षर यायला तीन महिने जास्त लागले की आम्ही त्याच्या नावापुढं खूण करतो, ते नाव वर जातं, आणि वरून तारीख येते की अमुक तारखेपर्यंत शंभर टक्के. त्या वहीतलं सरांचं अक्षर बघा तुम्ही, एक काना इकडचा तिकडं नाही. आणि माझं प्रमाणपत्र बघा, शंभर टक्के, मुलानं केलेलं. प्रगत मी.

दुसऱ्या फेरीला मी ठरवलं की स्वतः करायचं. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, मुलगा हॉस्टेलला गेला होता. कोणता कोर्स, कोणाचा, ते नाव घेत नाही, पुढं जे झालं त्यात त्या कोर्सचं थोडं उणंदुणं आहे म्हणून. मेथी निवडताना मोबाईल डब्याला टेकवून लावायचा, नुसता आवाज कानावर. आणि एक दिवस मी मेथी ठेवून व्हिडिओ मागं घेतला. घरची भाषा आणि शाळेची भाषा असा विषय होता. बोलणारी बाई म्हणाली की मूल गप्प आहे म्हणजे त्याला माहीत नाही असं आपण धरतो, आपण विचारलं कुठल्या भाषेत ते आपण तपासत नाही. साधंच वाक्य. मी चार वेळा ऐकलं. हॉलमध्ये असते तर मान हलवून पुढं गेले असते, इथं कुणी बघत नव्हतं, मागं घ्यायला लाज वाटली नाही. ऑनलाइनचा खरा फायदा मला विचाराल तर हा एवढाच आहे, आणि तो लहान नाही. पन्नाशीकडं झुकलेल्या बाईला एक गोष्ट चार वेळा विचारता येते आणि समोरचं वैतागत नाही.

तेव्हा माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती. हंगाम सुरू झाला की आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, ही जालन्याकडची टोळी, तांड्यावरची माणसं. फडाशेजारी कोप्या (त्यांच्या झोपड्या) उभ्या राहिल्या की आम्ही जातो, शाळेच्या वयाची पोरं शोधतो, आरटीईप्रमाणं वयानुसार वर्गात बसवतो. खरं तर ही पोरं मागं गावीच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहं असतात, पण सहा वर्षांच्या पोरीला मागं ठेवायला आईचा जीव होत नाही, शिवाय धाकट्याला सांभाळायला ती लागते. ही तशीच, कडेवर भाऊ घेऊन यायची. महिनाभर एक शब्द नाही. 'माझं कुटुंब'चा तक्ता लावलेला, त्यातल्या आईवर छडी ठेवून मी विचारायचे, ही कोण? बाकीची पोरं ओरडायची आई. ही खाली बघायची. मी टिपणवहीत लिहिलं होतं, प्रतिसाद नाही. पुढं तेच तक्त्यात गेलं असतं.

मेथीच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ खाली बसले. तक्ता नाही, छडी नाही. म्हटलं, तुमच्याकडं हिला काय म्हणतात गं? ती बघत राहिली. मी बोट दाखवलं, बाहेर फडाकडं, तिची आई तिकडंच असायची. ती म्हणाली, "याडी."

एवढंच. काही टाळ्या पडल्या नाहीत, उलट मागच्या एकानं फिदीफिदी केलं, त्याला याडी म्हणजे वेडी वाटलं. मी फळ्यावर आई लिहिलं आणि शेजारी याडी लिहिलं. म्हटलं, बघा, हिला दोन येतात, तुम्हाला एकच. मग भाकरी. बाटी. मुलगी. छोरी. आमच्या पोरांना त्याचा नादच लागला, रोज तिला विचारायची, ह्याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. ती सांगायची, मी लिहायचे, कार्डशीटची पट्टी भिंतीवर वाढत वाढत खिडकीपर्यंत गेली. गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीतले, शब्द देवनागरीत नीट बसत नाहीत सगळे, मी आपले ऐकू आले तसे लिहिले, चुकले असतील. फळ्यावर दोन्ही आया शेजारी आल्या तेव्हा तिनं पहिल्यांदा मराठीतल्या 'आ'वर बोट ठेवलं. वाचायला नाही लागली, हे स्पष्ट सांगते, अशा गोष्टींत शेवटी पोरगी घडाघडा वाचते तसं काही झालं नाही. दहा-बारा अक्षरं आणि नाव लिहिण्यापर्यंत आलो. हे व्हायला नोव्हेंबरपासून मार्च लागला. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि एका सकाळी कोप्या गायब, ट्रॅक्टर रात्रीच गेला होता. शिक्षण हमी पत्रक मी तयार करून ठेवलं होतं, गावाकडच्या शाळेत दाखवायला, ते माझ्या टेबलाच्या खणातच राहिलं. मुकादमाचा फोन लागला नाही.

म्हणजे हिशोब केला तर व्हिडिओ अकरा मिनिटांचा, मी ऐकला पाऊण तास, आणि तो वर्गात उतरायला पाच महिने. कोर्सला मुदत होती पंधरा दिवसांची. मी पंधराव्या दिवशी तेवढ्या एका व्हिडिओशीच होते, पुढचे पाच उघडलेलेसुद्धा नव्हते. सर म्हणाले, आता बघा, तुम्हीपण वहीवर आलात. त्यांनी त्यांच्या वहीतलं त्या विषयाचं पान मला वाचायला दिलं, समासात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "१९९४, वडाराचा मुलगा, आपण मारलं होतं." मी काही विचारलं नाही. त्यांनीपण सांगितलं नाही.

शेवटच्या रात्री बसून बाकीचे पाच व्हिडिओ उरकले. हो, पळवतच, आता काय लपवायचं. चाचणीत ८५. मग शेवटचं पान आलं, या कोर्समध्ये शिकलेलं वर्गात कसं वापरलं त्याचा पुरावा अपलोड करा. मला वाटलं चला, हे तर आपल्याकडं आहे. तेव्हा भिंतीवर पट्टी लागून दहा-बारा दिवस झाले होते, आठ-नऊ शब्द होते, फोटो काढलेला होता, आई आणि याडी, खाली तिचा भाऊ पट्टीला लोंबकळतोय. टाकला तर लाल अक्षरं, फाइल मोठी आहे. लहान करायला गेले तर फॉरमॅट चालत नाही. पावणेबारा झाले होते. मुलाला फोन लावला तर उचलेना. ग्रुपवर कुणीतरी 'वर्गातील उपक्रम नमुना' म्हणून पीडीएफ टाकली होती, दोन पानी, टाईप केलेली, कुठल्या शाळेची कोण जाणे, त्यात "विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला" असं होतं. ती टाकली. लगेच हिरवी टिक. सकाळपर्यंत प्रमाणपत्र आलं, त्यावर माझं नाव बरोबर आहे, फक्त आडनावात एक ए जास्त.

पट्टी अजून भिंतीवर आहे, आता खिडकीच्या खालपर्यंत. कडा फाटल्यात, सेलोटेप लावून लावून पिवळी पडलीय. यंदा पहिलीला आलेल्या पोरांनी ती टोळी पाहिलेलीपण नाही, पण मधल्या सुट्टीत डबा उघडताना एखादा ओरडतो, बाई, आज बाटी!